कस्तुराबाईंची मिसळ

"मावशी, पंधरा ऑगस्टचं ठरलं बरं का! आठ वाजता झेंडा, आन् लगीच तुमची मिस्स...!"

कँटीनच्या दारातूनच धनेशने आरोळी ठोकली. शेवटचं अक्षर नेहमीप्रमाणे तोंडातल्या सुपारीत अडकलं. वर धूर ओढणारा पंखा घरघरत होता, शेगडीवर भाताचं पातेलं रटरटत होतं. कस्तुराच्या कानांवर पडायचं ते पडलं आणि हातातला झारा हवेतच राहिला.

"अगं बया! शेठ, तुम्हाला बी कळलं? व्हय, आठलाच हाय! निघोज्यात पहिल्यांदाच होतेय!"

"पहिल्यांदाच! म्हणून तर म्हणतोय, अख्खी कंपनी जमू द्या."

"जमू द्या की! कोणाला नाय म्हणायचं नाय!" कस्तुराने पदराला हात पुसले. या कँटीनचं कंत्राट धनेशकडे, निघोजे गावचा तो मूळचा जमीनदार माणूस, आणि त्याला आपल्या मिस्साचं एवढं कौतुक! तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तेवढ्यात धनेशच्या मागून पुनम मॅडम आत आल्या. मॅडम कंपनीच्या एचआरच्या, राहायला शहरात, पिंपळे सौदागरला. बोलणं असं स्वच्छ, की प्रत्येक अक्षर आपापल्या जागी बसलेलं.

"कस्तुरामावशी, धनेशशेठ कधीपासून सांगताहेत आम्हाला. पिंपरीला म्हणे रांगा लागतात तुमच्या मिसळीला! झेंडावंदन झालं की सगळ्या स्टाफला तुमची मिसळ, आणि तुमचा शाल-नारळ देऊन सत्कार. साहेबांनी हो म्हटलंय."

मिसळीला. मॅडमचा 'ळ' खणखणीत होता. कस्तुराचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

तिने आयुष्यात मिसळ विकली नव्हती. विकणं सोडा, मिसळ खाल्ली की तिला पित्त व्हायचं.

हा घोळ आजचा नव्हे. कस्तुरा त्रिभुवन या कँटीनमध्ये कामाला लागली त्याच दिवशी तिने धनेशला सांगून ठेवलं होतं, "शेठ, बाकी काय बी सांगा, पण रविवारी मला मिस्सा असते. तेवढी सुट्टी पाहिजे." मिस्सा म्हणजे तिची चर्चमधली प्रार्थना; धनेशने 'मिसळ असते' असं ऐकलं. बाई रविवारी मिसळीचा गाडा लावते, चार पैसे जोडते, कष्टाळू आहे, असं म्हणून त्याने खुशीने रविवार दिला. आणि मग दर सोमवारी, पंख्याच्या घरघराटात, दोघांच्या मनमोकळ्या गप्पा सुरू झाल्या.

"काय मावशी, काल झाली का मिस्स...?"

"झाली की! लय गर्दी. बसायला जागा नव्हती."

"किती वाजता असती?"

"पहिली सातला. मग आपली मराठी. त्याच्यामागं इंग्रजी. दुपारी कधीमधी मल्याळी बी असते."

इंग्रजी मिसळ म्हणजे सोसायट्यांतल्या लोकांसाठी बिनतिखट आणि मल्याळी म्हणजे खोबरेल तेलातली, असा धनेशने आपल्यापुरता अर्थ लावून टाकला.

"आन् देतं कोण?"

"फादर देतात की. स्वतःच्या हातानं. रांगेत जायचं, हात पुढं करायचा."

"तुमचे फादर? या वयात?" धनेशला गहिवरून आलं. आपले वडील चिमाजीअण्णा ओट्यावरून हलत नाहीत आणि इथे बाईचा म्हातारा बाप उभ्याने मिसळ वाटतोय! "आन् भाव काय लावता?"

"भाव कसला शेठ? ज्याला वाटंल त्यानं पेटीत टाकायचं. नाय टाकलं तरी कोण विचारत नाय."

धनेशने कपाळाला हात लावला होता. असा धंदा आणि तरीही रांगा! तेव्हापासून कस्तुराबाईंच्या मिसळीची कीर्ती तो गावभर सांगत सुटला होता. नाताळात ती करंज्या आणायची, तेव्हा तो म्हणायचा, "मावशींची दिवाळी जरा उशिराच येती." कस्तुरा हसायची आणि आणखी दोन करंज्या हातावर ठेवायची. गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात तिचा बारकासा क्रूस होता, पण तो ॲप्रनच्या आत. तिने तो कधी लपवला नव्हता आणि कधी मुद्दाम दाखवलाही नव्हता.

आता हे सगळं मॅडमसमोर कसं उलगडायचं? धनेशच्या कंत्राटाची मुदत संपत आली होती आणि या मिसळीवर त्याची भिस्त होती. तो मॅडमच्या मागे उभा राहून तिला डोळ्यांनी 'हो म्हणा, हो म्हणा' असं खुणावत होता. मॅडमनी तर कस्तुराच्या खांद्यावर हात ठेवून फोटोही काढला. कस्तुरा फोटोत हसली.

"बरं," ती म्हणाली. मटकी भिजत पडली.

दोघे गेल्यावर तिने सुभद्राबाईला सगळं सांगितलं. सुभद्राबाई लातूरकडची, कँटीनमध्ये कस्तुराच्या जोडीला. पोळ्या लाटता लाटता ती हसायला लागली ती पोट धरून खालीच बसली.

"मल्याळी मिसळ! अगं माय, मरते मी आता!"

कस्तुराही हसली. हसता हसता तिचं हसू विरलं.

"बाई, पण पंधरा ऑगस्टला मला यायचंच नव्हतं गं. त्या दिवशी मिस्सा हाय. रविवार सोडले तर वर्षातून दोनच सण, की त्या दिवशी मिस्सा चुकवायची नाय. एक नाताळ आन् एक हा. आमच्या मतमाउलीला, येशूच्या आईला, देवानं देहासकट वर नेलं, तो दिवस."

"मग सांग की सरळ त्याला."

"काय सांगू? त्यानं रविवार दिला तो मिसळीला. उद्या म्हणला, गाडा नव्हता तर रविवारचा काय संबंध, यावं कामाला, तर?" कस्तुराने मटकीवरचं पाणी निरखलं. "एक सण धरायला जावा आन् सगळे रविवार हातचे जावेत."

सुभद्राबाईचं लाटणं थांबलं. एवढा विचार तिने केला नव्हता.

आणि ही मिस्सा काही नुसती सणाची नव्हती. आजवर चाकणच्या पट्ट्यातली सगळी ख्रिस्ती माणसं मिस्साला पिंपरीला जात. दोन गाड्या बदलायच्या, ट्रॅफिकमध्ये कंटेनरच्या मागे उभं राहायचं, आणि पोचेपर्यंत फादरांचं प्रवचन अर्ध्यावर आलेलं असायचं. कस्तुराचा नवरा लाजरस भोसरीला फाउंड्रीत होता. नाइट करून तो परस्पर चर्चला यायचा. कस्तुरा आधी पोचून शेजारच्या जागेवर आपली कापडी पिशवी ठेवायची. लाजरस यायचा, पिशवी उचलून तिच्या मांडीवर द्यायचा, बसायचा, आणि प्रवचन सुरू झालं की त्याची मान पुढे झुकायची. मग कस्तुराचं कोपर त्याच्या बरगडीत.

"मिस्साला येतोस का झोपायला?"

"आलो तर खरं ना? निघोज्यात मिस्सा होऊ दे एकदा. आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून येईन. डुलकी काढली तर नाव बदल."

हे त्याचं दर रविवारचं पालुपद. निघोज्यात मिस्सा व्हावी म्हणून तो फादरांच्या मागे लागला होता, खोल्याखोल्यांतून माणसं गोळा करत फिरला होता. मग एका पावसाळ्यात त्याला कावीळ झाली आणि तो गेला. कस्तुरा पुन्हा पिंपरीला एकटी जायला लागली. शेजारी पिशवी ठेवायची सवय मात्र गेली नाही. चर्च भरलं की लोक पिशवीकडे बघत, ती उचलत नसे. फादरांनीही कधी विचारलं नाही.

आणि आता, अखेर, गावातल्या जयसिंगने आपलं टायरचं गोडाऊन फादरांना दिलं होतं. पहिली मिस्सा पंधरा ऑगस्टला, सकाळी आठला. कस्तुराने स्वतः तिथली जमीन धुतली होती, तरी रबराचा वास गेला नव्हता. वेदीसाठी टेबल आलं, मतमाउलीची मूर्ती आली, मंडपवाल्याच्या लाल खुर्च्या आल्या. गेले काही दिवस तिला धड झोप लागत नव्हती, इतकी ती हरखून गेली होती. लहानपणी राहात्याकडच्या गावी, सणाच्या आदल्या दिवशी नवा झगा उशाशी घेऊन ती अशीच जागी राहायची.

चौदा तारखेला तिने धनेशला गाठायचा प्रयत्न केला. तो फोनवर पावाची ऑर्डर देत होता. मग फरसाणाची. मग मंडपाची. "मावशी, तुम्ही फक्त तर्रीकडं बघा!" एवढं म्हणून तो पसार झाला.

पंधरा ऑगस्टला, शनिवारी, तांबडं फुटायच्या आत ती कँटीनमध्ये हजर झाली. धनेशही आलेला होता. रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता म्हणे. त्याने स्वतः कांदे चिरले, स्वतः पाव मोजून घेतले. कस्तुराने कांदा-खोबरं भाजलं, वाटलं, तेलात परतलं. आजवर मिसळ केली नसली तरी रस्सा काय असतो हे नगरकडच्या बाईला शिकवावं लागत नाही. लाल तवंग वर आला, वास गेटपर्यंत गेला आणि वॉचमन उगाचच आत डोकावून गेला. सुभद्राबाईने चाखलं आणि बोट तोंडातच ठेवलं.

"कस्तुरा, तू खरंच गाडा लाव गं."

कस्तुराने गॅस बारीक केला, ॲप्रन सोडला आणि खुंटीवरची पिशवी काढली. पिशवीत नवी साडी होती, निळी, मतमाउलीच्या शेल्याच्या रंगाची. भांडी ठेवायच्या खोलीत जाऊन ती नेसून आली, तेव्हा धनेश पावांच्या क्रेटपाशी उभा होता.

"वा! सत्काराला एकदम तयार!"

"शेठ, मला सत्काराला थांबता नाय येणार. मी मिस्साला चाललेय."

"व्हय, तेच म्हणतोय ना, मिस्स..."

"मिसळ नव्हं, शेठ. मिस्सा." ती पंखा बंद करून आली. एकदम एवढी शांतता झाली की रस्सा उकळताना ऐकू आला. "मिस्सा म्हंजे आमची प्रार्थना. आम्ही ख्रिस्ती. रविवारी मी चर्चला जाते. गाडा नाय, धंदा नाय. फादर म्हंजे माझे वडील नाय, आमचे धर्मगुरू. तुम्ही एक ऐकलं, मी एक बोलले. तुम्हाला फसवायचं माझ्या मनात बी नव्हतं. परवा मॅडमपुढं कळलं मला, तेव्हाच सांगाया पाहिजे होतं. चुकलं माझं."

धनेशच्या डोक्यात इंग्रजी, मल्याळी, पेटी, रांग असं सगळं उलटसुलट फिरत असणार. मग त्याचा चेहरा लाल झाला.

"आन् हे आज सांगता? आत्ता? साहेब यायला लागलेत! मॅडमला मी काय तोंड दाखवू? गावभर हसं व्हईल माझं!"

"रस्सा तयार हाय. सुभद्राबाई वाढील. कुठं उणं पडायचं नाय."

"उद्या जा की चर्चला! देव काय पळून चाललाय का?"

"देव नाय पळत शेठ, सण जातो." कस्तुराने साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. "आन् आजची पहिली हाय, निघोज्यातली. माझा मालक हिची वाट बघत गेला. मला नाय थांबता यायचं."

"मावशी, सांगून ठेवतो. आज गेलात तर उद्यापासून कामाला येऊच नका. रविवारी न्हाई आन् सोमवारी बी न्हाई!"

सुभद्राबाईच्या हातातली पळी खणकन पडली. ही नोकरी गेली तर खोलीचं भाडं कुठून द्यायचं, हा विचार कस्तुराच्या मनात येऊन गेला. मग तिने पिशवी खांद्याला लावली.

"रस्सा खाली लागू देऊ नका," ती म्हणाली आणि निघाली.

गेटबाहेर पडताच तिचे पाय आपोआप भराभर पडायला लागले. रस्ता कधी नव्हे तो मोकळा होता. सुट्टीमुळे एकही कंटेनर नाही. भीती वाटत होती, रडू येत होतं आणि त्या दोन्हींच्या वर आनंदाची उकळी फुटत होती. सांगून टाकलं! वाकून चालणाऱ्या माणसाच्या डोक्यावरून मोळी उतरावी तशी तिची मान ताठ झाली. वळणावर शाळेची प्रभातफेरी समोरून आली. शेकडो पोरं, कागदी झेंडे, "भारत माता की" आणि मागून आभाळ फाटेल असा "जय!" कस्तुरा त्या गर्दीत उलट्या दिशेने घुसली. "जाऊ द्या रं पोरांनो, मला उशीर झालाय!" म्हणत, आणि मधेच न राहवून तीही मोठ्याने "जय" म्हणाली. कुणीतरी तिच्या हातात एक झेंडा दिला. निळी साडी सावरत, एका हातात झेंडा घेऊन, पन्नाशी ओलांडलेली कस्तुरा त्रिभुवन चक्क पळत सुटली.

गोडाऊनच्या दारापाशी ती पोचली तेव्हा आत पेटी वाजायला लागली होती, ढोलकीवर थाप पडत होती. एवढी माणसं! प्रेस शॉपमधली पोरं, वायरिंगच्या लाइनवरच्या मुली, कुरुळी-मोईकडच्या बाया, कडेवर लेकरं. कितीतरी जण पहिल्यांदाच एकमेकांना बघत होते, "तुम्ही पण? आपण एकाच बसला असतो की!" म्हणत होते. तिने क्रुसाची खूण केली, झेंडा मतमाउलीच्या पायाशी फुलांत खोचला आणि मागच्या रांगेत दोन खुर्च्या गाठल्या. एकीवर ती बसली, दुसरीवर पिशवी ठेवली.

फादर आत आले, गाणं चढलं, पत्र्याचं छप्पर दणाणून गेलं. कस्तुरा मोठमोठ्याने गात होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पिंपरीच्या उंच चर्चमध्ये तिने किती सण पाहिले होते. रबराच्या वासातला हा सण तिला सगळ्यांत मोठा वाटला. लाजरस, आंघोळ करून आलायस ना रे, ती मनात म्हणाली.

ख्रिस्तप्रसादाची वेळ आली. लोक रांगेत उभे राहिले. रांग गोडाऊनच्या दारापर्यंत गेली. कस्तुराने दोन्ही हात एकावर एक ठेवून पुढे केले, प्रसाद घेतला आणि मान खाली घालून परत फिरली. तेव्हा तिला दारात कुणीतरी उभं दिसलं.

धनेश होता, सुभद्राबाईला पत्ता विचारून आलेला. पायांतले बूट काढून बाहेर ठेवलेले. एका हातात गुंडाळलेली शाल, दुसऱ्या हातात नारळ. तो ती रांग बघत होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि फादरांचे ते देणारे हात. मग बाहेर वळून त्याने सुपारी थुंकली, रुमालाने तोंड पुसलं आणि हळूच कस्तुरापाशी आला. शब्द जपून, सुटा सुटा, कुजबुजत म्हणाला,

"हीच का मावशी... मिस्सा?"

'सा' अगदी स्पष्ट आला. कस्तुराने मान हलवली.

"टोप खरवडून खाल्ला लोकांनी," तो म्हणाला. "मॅडमनी तुमचं नाव घेतलं माइकवर. मीच सांगितलं, त्यांच्या घरी देवाचं काम हाय. हे तुमचं. घेऊन जा म्हणल्या." त्याने नारळ पुढे केला, मग कुठे ठेवावा हे न कळून परत छातीशी धरला. "आन्... सोमवारी येताय ना? सोमवारी म्हणतोय मी. रविवारी न्हाई."

कस्तुराने ओठांवर बोट ठेवलं. मिस्सा अजून संपली नव्हती. आजूबाजूला सगळे बसत होते, एकटा धनेश उभा होता, आणि सगळं गोडाऊन भरलेलं होतं. तिने शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. मग पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली.

धनेश बसला. शाल आणि नारळ मांडीवर धरून, शाळेतल्या मुलासारखा ताठ. पेटीवर संथ सूर लागले, कुणीतरी हलक्या आवाजात मतमाउलीचं गाणं धरलं. रात्रभर जागून पाव मोजणाऱ्या, कांदे चिरणाऱ्या धनेशची मान हळूहळू पुढे झुकू लागली.

कस्तुराचं कोपर सवयीने उचललं गेलं. पण ते तिथेच थांबलं, आणि खाली आलं. तिने त्याला झोपू दिलं. त्याच्या मांडीवरून घरंगळायला लागलेला नारळ तेवढा अलगद काढून घेतला आणि पिशवीत ठेवला.